नवा स्टिरिओ लावल्यापासून बॅटरी उतरते, आवाज वाढवला की स्क्रीन काळी होते – सल्ला हवा (इंदूर)

रामबागवाला

नमस्कार मंडळी. बाबांची मारुतीची २०१३ची हॅचबॅक आहे. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, बदलून वर्षही झालेलं नाही. गेल्या महिन्यात जुना टेप काढून नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. बाबांची मान आता मागे वळत नाही, त्यामुळे खरी गरज कॅमेऱ्याचीच होती.

तेव्हापासून गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. आवाज वीसच्या पुढे नेला की स्क्रीन काळी होते आणि पुन्हा कंपनीचं चिन्ह येऊन सगळं पहिल्यापासून सुरू होतं. परवा ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात नकाशा असाच गेला. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'सूंऽऽ' असा आवाज चढत जातो.

बसवला त्या दिवशी दुकानात स्टिरिओ चालूच होत नव्हता, तिथल्या मुलाने अर्धा तास खटपट करून चालू करून दिला. मोबाइल चार्जरचं सॉकेटही बंद पडलंय, पण ते जुनं दुखणं, त्याचं नंतर बघू. दुकानात परत गेलो तर "भिया, बैटरी गई आपकी" एवढंच उत्तर मिळालं. खरंच बॅटरी बदलू का? चार हजारांचा प्रश्न आहे.

सुदामानगर_०९

माझ्याकडे हेच झालं होतं. बॅटरी बदलली आणि त्रास थांबला. मोठ्या स्क्रीनला मोठी बॅटरी लागतेच, ४५ची टाका.

जुना_वायरमन

थांबा, बॅटरी बदलू नका. मी तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय. तुमच्या प्रश्नात 'जुनं दुखणं' म्हणून जे सोडून दिलंय, मला उत्तर तिथेच दिसतंय.

स्टिरिओला वीज दोन तारांनी मिळते. पिवळी थेट बॅटरीवरून येते, किल्ली काढली तरी जिवंत असते. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यावर टिकतात. लाल तार किल्ली एसीसीवर, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच्या पहिल्या टप्प्यावर, आली की जिवंत होते, आणि 'आता जागा हो, आता झोप' हे स्टिरिओला तिच्यावरून कळतं. बऱ्याच गाड्यांत ही लाल आणि चार्जरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. सॉकेट बंद म्हणजे तो फ्यूज उडालेला असणार, म्हणजे दुकानात लाल तारेत वीजच नव्हती. मुलाने फ्यूज न बघता लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेप मारला असेल, असा माझा अंदाज आहे. तसं केलं की स्टिरिओ लगेच सुरू होतो, पण कायमचा जागा राहतो. स्क्रीन बटणाने बंद केली तरी आतला प्रोसेसर चालूच असतो.

सुदामानगरवाल्यांना एकच सांगतो, राग मानू नका. गाडी बंद असताना होणारी ही विजेची गळती तशीच ठेवून मोठी बॅटरी लावली तर गाडी दोनाऐवजी तीन दिवसांनी बंद पडेल, एवढाच फरक.

आवाज वाढवल्यावर स्क्रीन जाते तो दुसरा रोग, त्याचा या तारांशी संबंध नाही. मला काळ्या तारेचा, म्हणजे अर्थिंगचा संशय आहे. व्होल्ट-अँपिअर मोजायचा मल्टिमीटर आहे का?

रामबागवाला

काका, अंगावर काटा आला. टेप खरंच मारलेला आहे, मी स्टिरिओ थोडा पुढे ओढून पाहिलं. मीटर आज जेल रोडवरून आणला. कसं मोजायचं ते सांगा, घाई नाही.

जुना_वायरमन

आधी गळती. किल्ली काढा, बॉनेट उघडा, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवावं लागलं तर आतला दिवा बंद करा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि तार व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, गाडीतलं सगळं झोपू द्या. ५० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या, आत असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आता अर्थिंग. बॅटरीची तार पुन्हा घट्ट लावा, इंजिन चालू करा, मीटरची लाल पिन व्होल्टच्या भोकात परत घाला आणि मीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं स्टिरिओच्या काळ्या तारेवर. मधे लांब तार जोडावी लागेल. गाणं मोठ्याने लावा आणि आकडा बघा. ०.१-०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. गाणं वाजत असतानाच मोजायचं, हे महत्त्वाचं. नुसतं उघड्या तारेला मीटर लावलं तर सडलेला जोडसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर वीज ओढतच नाही. म्हणून माझ्या पेटीत कायम इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असायचा, दोन तारा डाखलेला. संशय असेल त्या तारेवर तो लावायचा. लख्ख पेटला तर तार खरी, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी जोड खराब.

तिलकनगर

एक वेगळा मुद्दा, पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल म्हणून. माझी फोक्सवॅगन आहे. तिथे कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडायच्या प्लास्टिकच्या खोबणीत, कायमच्या आणि किल्लीच्या तारेच्या जागा नेहमीपेक्षा उलट्या असतात. किल्ली काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जायची. बाजारातल्या बऱ्याच हार्नेसमध्ये (तारांच्या तयार जुडग्यात) लाल-पिवळ्या तारांना मधे गोल जोड असतो, तो काढून लाल पिवळीला आणि पिवळी लालला लावली की झालं, काहीच कापावं लागत नाही. आणि अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत किल्लीची वेगळी तारच नसते, तो निरोप कॅन-बसवरून, म्हणजे गाडीतल्या यंत्रांच्या आपसातल्या डिजिटल तारेवरून, येतो. तिथे तो निरोप उलगडणारा डीकोडरचा डबा लागतोच, तो टाळून तारा शोधत बसू नका.

रामबागवाला

आज सकाळी सगळं केलं, सविस्तर लिहितो.

गळती ०.६२ अँपिअर! अर्धा तास थांबलो तरी आकडा हलला नाही. ३५ भागिले ०.६२ म्हणजे ५६ तासांत पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा रिकामी. दोन दिवसांचं कोडं सुटलं.

अर्थिंगवर गाणं बंद असताना ०.४ आणि मोठ्याने लावल्यावर ३ व्होल्टच्या वर उड्या. काळी तार शोधत गेलो तर डॅशबोर्डच्या आतल्या पट्टीवर एका स्क्रूखाली दाबलेली. पट्टीवर रंगाचा जाड थर, स्क्रू ज्या भोकात गेलाय तेवढ्याच कडेला धातू टेकत होता. तारेच्या चार-पाच केसांपैकी दोन तुटलेले.

टेप सोलला तर आत लाल-पिवळी एकत्र. मे महिन्याच्या उन्हाने टेपचा गोंद वितळून बोटांना चिकटत होता, आणि जोड हाताने हलवला की सरकत होता. तो उघडा पडून बॉडीला लागला असता तर काय झालं असतं, या विचारानेच पोटात गोळा आला.

मग फ्यूजचं कव्हर काढलं. सॉकेटचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज, मधली पट्टी तुटलेली. टॉर्चने सॉकेटमध्ये पाहिलं, तळाशी एक रुपयाचं नाणं आडवं बसलेलं. टोलसाठी सुट्टे पैसे बाबा तिथेच शेजारच्या खणात ठेवतात.

जुना_वायरमन

शाब्बास. नाणं लाकडी काडीने काढा, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून. फ्यूज १५चाच घाला, २० किंवा ३०चा नको. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी तार जळते.

लाल-पिवळी वेगळ्या करा. या गाडीचा तयार कपलर छोटी ग्वालटोलीत ऑटो पार्ट्सच्या दुकानांत विचारा, मूळ तारा कापायची वेळ येणार नाही. जिथे जोड द्यावाच लागेल तिथे डाख किंवा दाबून बसवायची नळी, आणि वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. काळी तार बॉडीच्या उघड्या लोखंडावर घ्या, रंग कानशीने खरवडून, तारेच्या टोकाला गोल लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावून. लागेल तेवढी जाड तार घ्या. 'सूं' आवाजही बहुधा तिथेच थांबेल. अर्थिंग कमजोर असलं की स्टिरिओ अँटेनाच्या वायरच्या जाळीतून अर्थ शोधतो आणि अल्टरनेटरचा आवाज आत घेतो.

हे सगळं करूनही आवाज वाढवल्यावर स्टिरिओ बंद होत असेल तर स्पीकरचा कपलर काढून बघा. स्पीकरची तार दाराच्या पत्र्याला घासत असली तरी तो स्वतःला वाचवायला बंद होतो.

सुदामानगर_०९

मीही आज गळती मोजली. ०.४८. काका, मनापासून धन्यवाद, रविवारी मीही उघडतो.

रामबागवाला

झालं. गळती ०.०२ अँपिअर. अर्थिंगवर पूर्ण आवाजात ०.०५ व्होल्ट. 'सूं' गेला. गाडी मुद्दाम चार दिवस उभी ठेवली, आज पहिल्या झटक्यात सेल्फ घेतला. बाबांनी कॅमेऱ्यात बघत गल्लीतून एकट्याने गाडी मागे काढली.

फक्त एफएम खरखरतंय. ९८.३ कसंबसं येतं, विविध भारती नाहीच.

जुना_वायरमन

निळी तार पाहा. छतावरच्या अँटेनाला बूस्टर (सिग्नल वाढवणारा) असेल तर त्याची वीज तिच्यावरून जाते. पण त्याआधी अँटेनाची पिन मागे पूर्ण दाबली आहे ना ते तपासा.

रामबागवाला

पिनच अर्धी बाहेर होती. विविध भारती लागलं.