आयसाचे वीस हजार: रोखीत किती, शेअरांत किती?

चहा_दोन_कप
बँकेचं '५ एप्रिल जवळ आला' पत्र आलं (ब्रिटनचं करवर्ष तेव्हा संपतं) आणि टेसा-पेप या जुन्या करमुक्त बचत योजनांचे विसरलेले शब्द आठवले. १९९९ला ते गेले, आयसा (वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत भरता येणारं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) आला, वाद तोच राहिला. टक्क्यांत वाटणी करू नये, तारखेनं करावी. घराचं डिपॉझिट, बॉयलर, भारताची तिकिटं असा पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा रोखीत, पुढचा शेअरांत. तुमचं लिहा. कुठे फसतं ते आधी.

लेस्टरकर
आधी रोख आयसा लागतो का ते बघा. २० टक्के आयकरवाल्यांना साध्या खात्यातलं १,००० पौंड व्याज तसंही करमुक्त, ४०वाल्यांना ५००, ४५ला शून्य. ४ टक्के दर धरला तर २५,००० आणि १२,५०० पौंडांपर्यंत साधं खातं चालतं. उलट शेअरांना आयसाबाहेर लाभांशाची सूट फक्त ५००, नफ्याची ३,०००. म्हणजे वीस हजारांचा कोटा आधी कुणाला ते कळलंच.

उकडीचा_मोदक
पैसे काढून दुसऱ्या आयसात भरू नका!!! काढले की करमुक्त कवच गेलं, परत भरताना नवा कोटा खातो. *नव्या* कंपनीचा ट्रान्सफर फॉर्म भरा, ती जुनीकडून ओढून घेते. रोख ते रोख १५ कामाचे दिवस, शेअर असतील तर ३० दिवस. 'फ्लेक्सिबल' लिहिलेलं असेल तरच काढलेले त्याच करवर्षात परत टाकता येतात

चहा_दोन_कप
@मोदक, आणि मुदतठेव आयसा मध्येच हलवला तर व्याजाचा दंड. तो फॉर्मवर बारीक अक्षरात.

सासू_नाही_सून
चकलीची भाजणी हॅरोत कुठे मिळते? सॉरी, हाच धागा उघडा होता 😄

लेस्टरकर
गुजराती दुकानात चकरीचं पीठ मिळतं, पण ती भाजणी नव्हे. घरीच भाजा.

पौंडपाववाला
शेअर-आयसात खर्च बघा. ०.२५ टक्के म्हणजे २०,०००वर वर्षाला ५० पौंड, दोन लाखांवर ५००. रक्कम वाढली की ठरावीक फीवाला प्लॅटफॉर्म स्वस्त. ब्रिटिश शेअरच्या खरेदीवर ०.५ टक्के स्टँप ड्युटी आयसातही लागतेच. अमेरिकन शेअर घेणार असाल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरा, नाहीतर लाभांशातून १५ऐवजी ३० टक्के कापतात.

आणि ५ एप्रिलच्या रात्री शेअर निवडत बसू नका. पैसे आत पोचले की कोटा वापरला, खरेदी मेमध्ये केलीत तरी चालते. मात्र ती करायला विसरतात, पैसा वर्षभर नुसता पडून.

मँचेस्टरची_मावशी
चाळिशीच्या आतल्यांनी लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठी किंवा साठीनंतरसाठी) बघा, ४,०००वर सरकार १,००० घालतं. पण पहिल्या घराशिवाय साठीआधी काढलेत तर २५ टक्के कापतात *एकूण* रकमेवर: ५,०००चे ३,७५०. म्हणजे बोनस तर गेलाच, पदरचे २५० पण. घर ४,५०,०००च्या वर असेल तरी हाच दंड. लंडनकर, ऐकताय ना?

सासू_नाही_सून
मावशी, ४,००० वीस हजारांच्या वर की त्यातच?

मँचेस्टरची_मावशी
त्यातच गं.

लेस्टरकर
एप्रिल २०२७पासून ६५च्या आतल्यांना रोखीत १२,०००च, २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. एकूण २०,००० तसेच. रोखवाल्यांनी तोवर पूर्ण भरून घ्या.

पुणे_परत
भारतात परतणाऱ्यांनो, ब्रिटनचं निवासीपण संपलं की नवा पैसा भरता येत नाही, जुना ठेवता येतो. कंपनीला कळवा. पण भारताचा आयकर विभाग आयसा वगैरे ओळखत नाही. आरएनओआरची (परतल्यावर परदेशी उत्पन्नावर भारतात कर नसलेली सुरुवातीची) वर्षं संपली की ते व्याज, लाभांश, नफा सगळं भारतात करपात्र, आणि विवरणपत्रात शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात खातं दाखवायचं. विकायचं असेल तर ती वर्षं संपायच्या आत विका.

उकडीचा_मोदक
हे वरती पिन करा कोणीतरी

सासू_नाही_सून
भाजणीत तांदूळ किती, डाळी किती?

मँचेस्टरची_मावशी
चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद. मंद आचेवर, वेगवेगळं भाज.