मदत हवी आहे: रात्री फक्त सूप घेतो, पण पोट भरत नाही

खर्च आवरायचा म्हणून आम्ही दोघांनी रात्री सूपच घ्यायचं ठरवलंय. भाज्यांची देठं, सालं उकळून पाणी गाळून घेते आणि त्यातच गाजर, कोबी, कांदा शिजवते. चव खरंच छान येते! पण दोन तासांत पुन्हा भूक लागते, मग बिस्किटांचा पुडा फुटतो आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. मसूर घातली की प्रथिनं आणि तंतू मिळतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हे माहीत आहे. पण दोघांना किती पुरते? परवा अंदाजाने घातली तर पातेल्यात नुसता लगदा झाला. आणखी एक, जास्तीचं सूप फ्रीझरमध्ये ठेवलं की त्यातला बटाटा रवाळ होतो. त्याऐवजी काय घालता? प्रमाणासकट सांगा, प्लीज.