लायसन्ससाठी सीडीटी तपासणी: मुलाचा एमसीव्ही वाढलाय, अडचण येईल का?

कोथरूडची_आई
नमस्कार. मुलगा लेस्टरला असतो. दोन वर्षांपूर्वी पार्टीत दारू पिऊन गाडी चालवत घरी निघाला आणि पोलिसांनी धरलं. श्वासाच्या तपासणीत १०० मिली श्वासात ९१ मायक्रोग्रॅम अल्कोहोल आलं, इंग्लंडची मर्यादा ३५ आहे. ८७.५ किंवा त्यापुढे गेलं की तिथे जास्त धोक्याचा चालक समजतात. मग बंदी संपली तरी डॉक्टरी तपासणी आणि सीडीटी नावाची, बरीच दारू पीत होता का हे दाखवणारी रक्ततपासणी झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

त्याची २४ महिन्यांची बंदी आता संपेल. सध्या बहिणीच्या लग्नासाठी पुण्यात आलाय. दिवाळीपासून थेंबही घेतला नाही म्हणतो. हळदीच्या रात्री गच्चीवर भावंडांनी बाटल्या उघडल्या, तेव्हा हा खाली येऊन माझ्याजवळ बसला आणि रुखवताच्या लाडवांना रंगीत कागद गुंडाळत राहिला.

काळजीपोटी इथे साधी रक्ततपासणी केली. लिव्हरचे आकडे ठीक, पण एमसीव्ही, म्हणजे लाल रक्तपेशींचा सरासरी आकार, १०४, ठळक अक्षरांत छापलेला. दारूनेही तो वाढतो असं वाचलं. मुलाने रिपोर्ट पाहून विचारलं, "आई, तुलाही तसंच वाटतंय का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते मला फार लागून राहिलंय. दुसऱ्या कशाने हा आकडा वाढतो का? आणि सीडीटी चुकीची येऊ शकते का?

काचपट्टी
ताई, मी लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. आधी सांगा, मुलगा शाकाहारी आहे का? बी१२ जीवनसत्त्व तपासलंत का? आपल्याकडे शाकाहारी घरांत वाढलेला एमसीव्ही दिसला की मी पहिला हाच प्रश्न विचारायचो. बी१२ कमी पडलं की लाल पेशी आकाराने मोठ्या होतात.

सीडीटी वेगळी. रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन असतं, त्याला साखरेच्या साखळ्या असतात. रोज भरपूर दारू, म्हणजे ५०-८० ग्रॅम अल्कोहोल, आठवडा-दोन आठवडे पोटात गेलं की त्या साखळ्या अपुऱ्या राहतात. अशा अपुऱ्या ट्रान्सफेरिनची टक्केवारी मोजतात. बी१२चा तिच्याशी संबंध नाही. दारू बंद केली की साधारण दोन आठवड्यांत वाढलेला भाग निम्मा होतो. दिवाळीपासून बंद असेल तर घाबरू नका. लिव्हरचा गंभीर आजार किंवा ट्रान्सफेरिनचा जन्मजात वेगळा प्रकार असेल तरच गोंधळ होऊ शकतो, आणि एचपीएलसी या, घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीत तो वेगळा प्रकार आलेखावर ओळखू येतो.

बी१२चं औषध सुरू केलंत तरी एमसीव्ही लगेच उतरणार नाही, लाल पेशी १२० दिवस जगतात. म्हणून बी१२चा रिपोर्ट त्याच्या फाइलमध्ये ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

चार_वर्षं_कोरडा
काकू, मला पुण्यात ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत पकडलं होतं. आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये रक्तातली ८०. लायसन्स निलंबित झालं, मुदत संपल्यावर परत मिळालं. मधल्या काळात मी पीत होतो की नाही, हे रक्तातून कुणी तपासलं नाही. तपासलं असतं तर मी नक्की नापास झालो असतो. पुढे येरवड्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, तेव्हा दारू सुटली.

तुमच्या मुलाचा तो प्रश्न वाचून थांबलोच. दारू सोडल्यावरही वर्षभर माझी आई धुवायला नेताना माझा शर्ट हुंगायची. मोरीच्या दारात पाठमोरी उभी राहून. मला खोलीतून दिसायचं. मी कधी बोललो नाही, पण त्या वेळी कुणीतरी "मला तुझं खरं वाटतं" म्हणावं असं फार वाटायचं. काकू, तो जायच्या आधी बोला त्याच्याशी.

कोथरूडची_आई
काचपट्टीदादा, बी१२ फक्त ११८ आलं! डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत, माझंही तपासायला सांगितलंय. एचपीएलसीचं वहीत लिहून ठेवलं.

आणि कोरडा, काल रात्री त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, "त्या दिवशी मी गप्प बसले, ते चुकलं माझं." तो बॅग भरत होता. काही बोलला नाही, फक्त रिपोर्टची फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तूच ठेव बॅगेत, वरच्या कप्प्यात." रविवारी पहाटे निघतोय.