व्हीआरमध्ये खऱ्या कीबोर्डवर टाइप करताना बोटं भलत्याच कीवर पडतात

प्रश्न
क्वेस्ट ३ (डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट) वर पीसीचा स्क्रीन घेऊन लिहायचं आहे. ब्लूटूथ कीबोर्ड हेडसेटला जोडलाय. माउसवरून हात परत आणला की बोटं एका कीने सरकतात आणि अख्खी ओळ चुकीची उमटते. अक्षरंही उशिरा दिसतात. काय करावं?

उत्तर १
उशिराचं कारण जोडणीत आहे. कीबोर्ड थेट पीसीला जोडा. हेडसेटला जोडला की दाबलेली की आधी हेडसेटकडे, तिथून वाय-फायने पीसीकडे आणि मग चित्र परत, असा फुकटचा हेलपाटा पडतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या. २.४ वर ब्लूटूथही चालतं, तिथे गर्दी झाली की अक्षरं गळतात. की सोडल्याचा सिग्नल उशिरा पोचला तर एकच अक्षर ‘ररररर’ असं उमटत राहतं.

उत्तर २
बोटांचं म्हणाल तर एफ आणि जे वरचे उंचवटे हाच खरा आधार. हात परत आला की दोन्ही तर्जन्या आधी तिथे टेकवायच्या, मगच पहिलं अक्षर. कीबोर्डखाली न घसरणारी रबरी मॅट हवीच, तो जरासा जरी तिरका झाला तरी हाताचा अंदाज चुकतो. नंबर पॅड नसलेला ८७ कींचा कीबोर्ड घेतलात तर माउस जवळ येतो, हाताला कमी फिरावं लागतं. बॅकस्पेस आणि खालच्या बाणावर छोटे रबरी ठिपके चिकटवा.

प्रश्नकर्ता
आकड्यांच्या ओळीचं काय? तिथे हमखास चुकतं.

उत्तर ३
तिथे बघूनच टाइप करा. इमर्स्डसारख्या, पीसीचा स्क्रीन व्हीआरमध्ये दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये कीबोर्डच्या जागी पासथ्रूची, म्हणजे हेडसेटच्या कॅमेऱ्यातून बाहेरचं खरं दृश्य दाखवणारी, खिडकी उघडता येते. ती हातांपेक्षा थोडी मोठी ठेवा. खोलीत उजेड भरपूर हवा, अंधारात चित्र दाणेदार होतं आणि हलती बोटं पुसट दिसतात. कीबोर्डचा बॅकलाइट मात्र मंद करा, नाहीतर अक्षरांभोवती प्रकाश पसरून ती वाचता येत नाहीत.

कीबोर्डचं आभासी मॉडेल दाखवणारी सोय असली तरी मी खिडकीच सुचवेन. मॉडेल अर्ध्या कीने जरी सरकलं तरी मन बोटांपेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतं आणि चुका वाढतात.

आणि टाइप करताना हँड ट्रॅकिंग (कॅमेऱ्याने हातांच्या हालचाली ओळखण्याची सोय) बंद ठेवा. अंगठा-तर्जनी जवळ आली की हेडसेट त्याला चिमूट समजतो, मग मध्येच क्लिक होऊन कर्सर दुसरीकडे जातो.