डॉक्टर मायेनं बोलल्या म्हणून आई तयार झाली. हा निर्णय धरायचा का?

पूर्वभागकर, सोलापूर
आई ५८ वर्षांची. अशोक चौकाजवळ राहतो, तिची उभी हयात बिड्या वळण्यात गेली. डाव्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला, स्टेज सुरुवातीची आहे. पहिल्या डॉक्टरांनी फाईल चाळतच सांगितलं, "पूर्ण स्तन काढावा लागेल, तारीख घेऊन जा." आईकडं मान वर करून बघितलंही नाही. घरी येऊन तिनं सूप मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "मला काही करायचं नाही." मावशी झाडपाल्याच्या औषधाची चौकशी करायला लागली.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी खुर्ची आईजवळ घेतली. आधी विचारलं, "बिड्या दिवसाला किती वळता?" मग काखेतल्या गाठी काढल्या तर हात सुजू शकतो हे सांगितलं, आणि व्यायाम स्वतःचा हात वर करून दाखवला. त्या म्हणतात, फक्त गाठ काढून रेडिएशन देता येईल. आई तिथंच हो म्हणाली. मोठा भाऊ म्हणतो, गोड बोलण्याला भुलली. मला तसं वाटत नाही, पण जाणकारांनी सांगा.

वॉर्डातली सिस्टर
दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. सुरुवातीच्या स्टेजला गाठ काढून रेडिएशन दिलं काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, आयुष्यमानात फरक पडत नाही. इटली आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आलेत. फक्त रेडिएशन अर्धवट सोडायचं नाही. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात घ्यायचं ठरलं तर रोज जाताना ७० आणि येताना ७० किलोमीटर त्यांना झेपणार नाहीत, राहायची सोय आत्ताच बघा.

आणि आईला भुलली म्हणू नका. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टरांच्या ४० सेकंदांच्या आपुलकीच्या बोलण्यानं बायकांची धास्ती कमी झाली होती. माहिती मात्र फारशी लक्षात राहिली नव्हती, म्हणून सगळं लिहून घ्या.

माढेकर
आमच्या वडिलांना फुफ्फुसाचा होता, पसरलेला. डॉक्टर फार प्रेमळ, दर वेळी "काका, बरे होणार तुम्ही." त्या शब्दावर वडील शेवटच्या आठवड्यापर्यंत केमो घेत राहिले. खरं कळलं असतं तर ते गावी, आपल्या वस्तीवर राहिले असते, याचं फार वाईट वाटतं. २०१० मध्ये बोस्टनचा अभ्यास आला: अशाच रुग्णांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करून आराम देणारी देखभाल, उपचारांसोबत दिली, तर त्यांनी शेवटी जोराचे उपचार कमी घेतले आणि तरी जास्त जगले, ८.९ ऐवजी ११.६ महिने. तुमच्या डॉक्टरबाईंनी हात सुजेल हेही सांगितलं ना? म्हणून मला त्यांचा भरवसा वाटतो.

पूर्वभागकर
गुरुवारी भावालाच सोबत नेतो. खर्चाचं कसं?

वॉर्डातली सिस्टर
फुले जनआरोग्य योजनेत बसेल. रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, ऑपरेशनच्या आधीच भेटा, मंजुरी आधी लागते. आणि गाठ एकच आहे की अनेक, यावर फक्त गाठ काढून भागेल का हे बरंचसं ठरतं; हा प्रश्न डॉक्टरांना आईलाच विचारू द्या.