युनोचे १४४८ डॉलर पगाराच्या स्लिपमध्ये दिसत नाहीत – मदत हवी आहे

बाळीवेसकर:
भाऊ लष्करात आहे, युनोच्या शांतिसेनेत सुदानला गेलाय. युनो एका जवानामागे महिन्याला १४४८ डॉलर देते म्हणे. स्लिपमध्ये कुठंच नाहीत. अर्ज कुणाकडे करायचा? टॅक्स लागतो का? वहिनी रोज विचारतेत, लवकर सांगा.

सात_रस्ता:
सुदान की दक्षिण सुदान? हुद्दा? तुकडीबरोबर गेलाय की निरीक्षक म्हणून?

होटगीरोड:
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांना घरपट्टीत सवलत असते, तोही फॉर्म आणा.

बाळीवेसकर:
माजी नाही ओ, नोकरीत आहे! जुबा, म्हणजे दक्षिण सुदान. हवालदार, पलटणीबरोबर.

भुईकोट:
१४४८ (जुलै २०२२ आधी १४२८) हा सरकारला मिळणारा परतावा, जवानाचा पगार नव्हे. सगळ्या देशांना दर एकच, पुढं प्रत्येक सरकार आपल्या दरानं पगार आणि परदेश भत्ता देतं. तुकडीच्या ठरलेल्या गाड्या-सामान कमी किंवा बंद असलं तर त्या परताव्यातून कपात. युनोकडून थेट जवानाच्या हातात पडतात दिवसाला १.२८ डॉलर, तेही तिथंच. महिन्याचे चाळीससुद्धा नाहीत.

सात_रस्ता:
काहीही! डॉलरमध्ये भरपूर मिळवलेले लोक आहेत.

भुईकोट:
ते निरीक्षक नाहीतर मुख्यालयातले स्टाफ ऑफिसर, तुकडीशिवाय एकेकटे गेलेले. त्यांना राहण्या-जेवणाचा मिशन भत्ता युनो थेट देते. तुकडीला रेशन युनोचंच, मग तो भत्ता कशाला मिळेल?

सात_रस्ता:
असो. १८२ दिवस बाहेर म्हणजे एनआरआय, टॅक्स शून्य.

भुईकोट:
चूक. सरकारी नोकराचा पगार बाहेर कमावला तरी भारतातलाच धरतात, १९६१ च्या आयकर कायद्याचं (मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईला) कलम ९. माफ असतो तो परदेशातल्या सेवेसाठी सरकारनं तिकडं दिलेला भत्ता, कलम १०(७). फॉर्म १६ मध्ये (खात्याकडून मिळणारा वर्षाचा पगार-टॅक्सचा दाखला) तो करपात्र पगारात मिसळलाय का बघा.

पार्क_चौक:
१९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये होते. त्यावर १०३ वी मराठा पलटण इराकमधल्या कुतच्या वेढ्यात एप्रिल १९१६ पर्यंत अडकली.

होटगीरोड:
धागा कशाचा, तुम्ही कुठं!

बाळीवेसकर:
अर्ज कुणाकडे ते सांगा की ओ.

भुईकोट:
१४४८ साठी कुणाकडेच नाही. परदेश भत्ता तरी स्लिपमध्ये आहे का? नसेल तर भावाला पलटणीच्या क्लार्ककडे पार्ट टू ऑर्डर निघाली का विचारू द्या. ती नोंद पोचल्याशिवाय पीएओ (पगाराचं लेखा कार्यालय) भत्ता चालू करत नाही. वहिनींनी अर्ज करून उपयोग नाही.

बाळीवेसकर:
पार्ट टू म्हणजे? आणि पार्ट वन कुठाय?