शिलाई युनिटमधलं मागचं दार कुलूपबंद असतं, काय करावं?

प्रश्न (वडगाव, बेळगाव): मी ओव्हरलॉक मशीनवर बसते. पहिल्या मजल्यावर आम्ही तीसेक बायका. काम सुरू झालं की मागच्या दाराला बाहेरून कुलूप. कापड चोरीला जातं म्हणे. दारापुढे चिंध्यांची पोती. परवा इस्त्रीच्या प्लगातून ठिणगी उडाली आणि एक चिंधी काळी पडली. तेव्हापासून झोप नाही. असं पूर्वी कुठे घडलंय का? मालकाला दाखवायचंय.

उत्तर १: ताई, घडलंय. २५ मार्च १९११, न्यूयॉर्कमधला ट्रायँगल नावाचा, बायकांचे ब्लाउज शिवणारा कारखाना. शनिवार, सुटीची वेळ जवळ आलेली. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीत आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद, कारण तेच, चोरी. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. १४६ जीव गेले, बहुतेक स्थलांतरित पोरी. मालक खटल्यातून सुटले, याचा मला आजही राग येतो. पण लोकांच्या संतापामुळे त्याच वर्षी चौकशी आयोग बसला आणि आगीपासून बचावाचे कडक कायदे आले. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या.

उत्तर २ (उद्यमबाग, फाउंड्री): बाई, एकटी जाऊ नको, सगळ्यांच्या सह्या घे. अर्ज कन्नडमध्येही लिही, म्हणजे कचेरीत अडणार नाही. कुलपाऐवजी आतून ढकलली की उघडणारी कडी माग.

प्रश्नकर्ती: एकोणीस सह्या झाल्या. पोती आज आम्हीच हलवली.